बोटाच्या आधी गळा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तीन महिने तू मोबाइलवरच्या ॲपवर रोज स्वर ओळखण्याचा सराव करते आहेस, शंभरांपैकी नव्वदांच्या वर उत्तरे बरोबर येतात, आणि तरीही तालमीच्या वेळी मी एखादी जागा, म्हणजे स्वरांची छोटी लकेर, घेतली की तिची सरगम तुला सांगता येत नाही, असे तू लिहिले आहेस. हे ॲप काढून टाकावे का, असेही तू विचारले आहेस. काढू नकोस. आमच्या काळी असे साधन हाताशी असते तर मी ते आनंदाने वापरले असते. मात्र तुझी वापरण्याची रीत बदलायला हवी.

पहिली गोष्ट, ॲप तुला नेमके काय विचारते ते नीट पाहा. काही ॲप दोन सूर वाजवून त्यांच्यातले अंतर विचारतात, तर काही आधी एक षड्ज, म्हणजे सा, कानांत स्थिर करतात आणि मग वाजवलेला सूर त्या षड्जाचा कोण लागतो ते विचारतात. आपल्या कामाचा प्रकार दुसरा आहे, कारण आपल्याकडे स्वराला नाव मिळते तेच मुळी षड्जाच्या नात्याने. ॲपमधला षड्ज प्रत्येक प्रश्नाला बदलत असेल तर ती सोय बंद कर आणि तुझी काळी चारची पट्टी, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवरचा षड्ज, कायमची लावून टाक. आरंभी बाराही स्वर घेऊ नकोस. षड्ज, गंधार आणि पंचम एवढेच ठेव, ते निःशंक झाले की धैवत आणि रिषभ घे, आणि तीव्र मध्यम-पंचम किंवा कोमल रिषभ-षड्ज अशा अगदी शेजारच्या जोड्या त्यानंतरच सुरू कर.

आता मुख्य मुद्दा. सूर वाजल्याबरोबर तू बटण दाबतेस, असा माझा अंदाज आहे. तसे करू नकोस. सूर थांबला की डोळे मीट, तो सूर स्वतःच्या गळ्यातून काढ, तिथून एकेक स्वर उतरत किंवा चढत षड्जावर ये, आणि घरी पोचल्यावरच उत्तर दे. यात प्रत्येक प्रश्नाला चार-पाच सेकंद जास्त जातील, ॲपवरचे गुण आरंभी कमी होतील, पण जे शिकायचे आहे ते याच सेकंदांत शिकले जाते. नुसते बटण दाबणाऱ्याला त्या ॲपच्या आवाजाची सवय होते. तोच गंधार एखाद्या गाण्यातल्या मींडेतून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, आला की त्याला तो परका वाटतो. तुझे नेमके हेच झाले आहे.

मी हे अनुभवाने सांगतो आहे. विशीत असताना मला पेटीवर कोणताही स्वर ओळखता येत असे, आणि त्याचा मला अभिमानही होता. एकदा तालमीत माझ्या गुरुजींनी पेटीचा भाता मिटला, तंबोरा माझ्या मांडीवर ठेवला आणि नुसता गंधार लावायला सांगितला. मी लावलेला गंधार त्यांनी तीन वेळा नाकारला, आणि तो का नाकारला हे कळायला मला कित्येक महिने लागले.

ते कारण तुला आजच प्रत्यक्ष ऐकता येईल. दुपारी घर शांत असताना तंबोरा लाव आणि फक्त खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार छेडून तिच्याकडे कान दे. जवारी, म्हणजे तारेची झंकार, नीट लागलेली असेल तर षड्जाचा नाद ओसरता ओसरता त्याच्या अंगातून एक बारीक, झळझळीत गंधार वर येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, कारण तो कोणी वाजवलेला नसतो. काळी चारच्या पट्टीत खर्जाच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे १०४ असतात, आणि हा गंधार त्यांच्या पाचपट, म्हणजे सुमारे ५१९ कंपनांचा असतो. आता ॲपच्या पट्ट्यांवर त्याच उंचीचा तार गंधार वाजव. तो सुमारे ५२३ कंपनांचा आहे, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार वेळा होणारी थरथर तुला स्पष्ट ऐकू येईल. ॲपचा आणि पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. नभोवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, त्यामागच्या आक्षेपांपैकी हा एक होता. ॲपने तुला गंधाराचे घर दाखवले असे समज. घरात कुठे बसायचे ते तंबोरा सांगेल.

स्वर मोजण्याला माझा विरोध नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, मोजमापे केली, तेव्हा किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्यासाठी गात होते. तिथे आधी गळा होता आणि उपकरण त्याच्या मागून चालत होते. तुझ्या ॲपमध्ये गायलेला स्वर तपासणारा काटा आहे, त्याच्याकडेही याच दृष्टीने पाहा. अलंकार गाताना षड्ज-पंचम स्थिर आहेत का, हे तो प्रामाणिकपणे सांगेल. पण दरबारी रागाचा गंधार त्याच्यापुढे लावलास तर काटा सतत हलेल आणि लाल दिवा लागेल, कारण तो गंधार आंदोलित, म्हणजे हळूहळू डोलणारा, आहे आणि अतिकोमल, म्हणजे नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरा, आहे. तिथे चूक काट्याची आहे, हे ओळखण्याइतकी तू तयार व्हावीस अशी माझी इच्छा आहे. भूप आणि देशकार या रागांचेही तसेच. स्वर तेच पाच, पण एकात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि दुसऱ्यात धैवत. सुटा धैवत ओळखणाऱ्या यंत्राला त्या दोन धैवतांचे वजन कसे कळणार?

वेळेबद्दल विचारले आहेस. सकाळी खर्जाचा रियाज झाल्यावर दहा मिनिटे पुरेत, अर्धा तास नको; कान थकला की तो अंदाजावर जातो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तंबोऱ्याचा खर्ज जवळपास ऐकूच येत नाही, म्हणून वायरचे हेडफोन लाव आणि एक कान मोकळा ठेव, म्हणजे स्वतःचा आवाजही ऐकू येईल.

चुकलेल्या उत्तरांची एक वही कर. कोणत्या स्वराला कोणता समजलीस एवढेच लिही, गुण लिहू नकोस. येत्या रविवारी येताना ती वही घेऊन ये. त्या दिवशी तंबोरा मी लावणार नाही. तू लावायचा आहेस, आणि गंधार ऐकू येईपर्यंत आपण दोघांनी थांबायचे आहे.

तुझे,
काका