फ्लाय बांधायला शिकताय? आधी दोऱ्याशी जमवून घ्या

प्रश्न : ट्राउट माशासाठी स्वतः फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेले नकली किडे) बांधायच्या म्हणून किट आणलं आणि व्हिडिओ बघून 16 नंबरच्या गळावर ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) करायला बसले. दोरा सारखा तुटतो, पीस गळाभोवती फिरून भलतीकडेच जातं आणि शेवटी पुढे एवढी गर्दी होते की गळाच्या डोळ्यातून लीडर (फ्लायला जोडायची बारीक दोरी) ओवताच येत नाही. चांगला महागातला व्हाइस (गळ धरून ठेवायचा शिकंजा) घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. आहे तो व्हाइस गळ हलू न देता धरत असेल तर पुरे झाला. खरी अडचण अशी की तुम्ही सुरुवातच अवघड टोकाकडून केलीत, गळाचा नंबर जसा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे 16 नंबर नवशिक्या बोटांना फारच बारीक, आणि वर ड्राय फ्लाय, तिच्यात शेपटी, पंख, हॅकल (गळाभोवती गुंडाळायचं पीस) सगळं मापात लागतं. ती सध्या बाजूला ठेवा. लांब दांडीचा 8 किंवा 10 नंबरचा गळ घ्या आणि वूली बगर नावाची फ्लाय बांधा. माराबूची (मऊ, भुरभुरीत पिसांची) शेपटी, शेनीलचं (मखमली जाड दोऱ्याचं) अंग, त्यावर गुंडाळलेलं मऊ हॅकल, बस्स. थोडी वाकडीतिकडी झाली तरी पाण्यात माराबू असं काही हलतं की ट्राउट येतोच, आणि तसंही ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं.

पण त्याच्याही आधी एक काम करा. नुसता दोरा गळावर गुंडाळा आणि मुद्दाम ताणत ताणत तोडा, परत गुंडाळा, परत तोडा. कितीला तुटतो हे एकदा बोटांना कळलं की त्याच्या जरा अलीकडे थांबायचं, ताण तेवढाच ठेवायचा, कारण ढिल्या दोऱ्याने बांधलेली फ्लाय दोनचार फेकींत सुटते. एवढं करूनही जरा ओढला की तुटतच असेल तर बॉबिनच्या (दोऱ्याचं रीळ धरायच्या साधनाच्या) नळीची कड बघा, खरखरीत असेल तर तीच दोरा कापते. आणि गळाच्या टोकाला दोरा घासत नाही ना तेही बघा, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

पीस फिरतं कारण पहिलाच वेढा घट्ट ओढला जातो. पीस दांडीवर चिमटीत धरा, दोरा चिमटीतूनच वर नेऊन पलीकडे सैलसर सोडा आणि मग सरळ खाली ओढा, चिमूट तोपर्यंत सोडायची नाही, असे दोनतीन वेढे झाले की पीस जागचं हलत नाही.

डोळ्यापाशी गर्दी म्हणजे पुढे जागाच ठेवली नाही. डोळ्याच्या मागे साधारण दोन डोळ्यांएवढी दांडी मोकळी ठेवा, तिथे काहीही आलं तर उलगडून मागे घ्या. शेपटी दांडीएवढी लांब, माराबू उडत असेल तर बोट ओलं करून चेपा. शेवटी विप फिनिश करा (दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली अडकवून ओढा), साध्या गाठींवर भागवू नका.

आणि कृपा करून रोज नवी फ्लाय नको! एकच फ्लाय, एकच साइज, डझनभर बांधा आणि ओळीने मांडून ठेवा, पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली की कुठे सुधारलंय ते आपोआप दिसतं. बिघडलेली ब्लेडने सोलून गळ परत वापरता येतो. त्यानंतर फेझंट टेल निम्फ घ्या (निम्फ म्हणजे पाण्याखालच्या कोवळ्या किड्यासारखी फ्लाय). इंग्लंडच्या एव्हन नदीवर राखणदारी करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची ही फ्लाय, ते तर दोरा वापरतच नसत, तांब्याच्या बारीक तारेनेच बांधायचे, त्यामुळे वजनही तिथेच मिळायचं. ड्राय फ्लायकडे त्यानंतर वळा, सुरुवात 12 किंवा 14 नंबरपासून.

प्रश्न : घरातला शिवणाचा दोरा आणि स्वेटरची उरलेली लोकर चालेल का?

उत्तर : लोकर मस्त चालते, मोठ्या निम्फचं अंग तिचंच करा. शिवणाचा दोरा जाड असतो, मोठ्या गळावर सरावाला ठीक, पण लहान गळावर त्याचं डोकं फुगतं, तिथे 70 डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप) दोराच घ्या. कुठून मिळालेली पिसं असतील तर बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मगच बाकीच्या सामानात मिसळा, नाहीतर कसर लागून सगळंच जातं.