ज्येष्ठांच्या वर्गात मरणाची कविता वाचावी का?

"ताई, मी आता त्यांच्यापुढे फक्त विनोदी वाचते," असं म्हणत तिने पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

ही मराठीची शिक्षिका, वय पस्तिशीच्या आत. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि दर बुधवारी नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या बाजूला ज्येष्ठांचा साहित्यवर्ग घेते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्गात बावीस जण, त्यातले सगळ्यात तरुण बासष्टचे. एका बुधवारी तिने बहिणाबाई चौधरींची वैधव्यावरची कविता घेतली. कपाळीचं कुंकू पुसलं जातं आणि त्याखाली लपलेली कर्माची रेघ उघडी पडते, ती कविता. दुसऱ्याच कडव्याला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. दीड वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेलेली. हिने कविता तिथेच थांबवली, "पुढचं नंतर पाहू" म्हणाली आणि एक हलकाफुलका लेख वाचून तास संपवला. त्यानंतर दोन महिने वर्गात हसणंच हसणं. आणि बावीसचे चौदा झालेले.

"मी त्या माणसाची जखम उघडली हो."

खरं सांगते, मला आधी वाटलं की हिच्याच घरचं काही दुःख असणार. तसं काही नव्हतं. आम्हा समुपदेशकांना जिथे तिथे दडलेलं दुःख दिसतं, हा आमचा धंद्याचा रोग.

तिची काळजी मात्र घरोघरीची आहे. बाबांचे जुने सहकारी वारले, बाबांना सांगायचं का? आईसमोर मावशीच्या आजाराचा विषय काढायचा का? विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्यात आपण समोरच्याला न विचारता परस्पर ठरवून टाकतो की याला हे झेपणार नाही. मी तिला म्हटलं, "तुमच्या वर्गातल्या या बायका एकादशीला भजनात काय म्हणतात? देह नाशिवंत आहे, हेच ना? तेही टाळ वाजवत. मरण त्यांच्या ओळखीचं आहे, बाई. त्याच्याबद्दल चारचौघांत बोलायला जागा नाही, एवढंच."

माझा पहिला सल्ला मात्र साफ फसला. "वर्गालाच विचारा, दुःखाच्या कविता चालतील का," असं मी सुचवलं होतं. तिने विचारलं. सगळे एका सुरात म्हणाले, "चालते ना मॅडम, काहीही वाचा." अशा प्रश्नाला चारचौघांत दुसरं काय उत्तर येणार? मग मी म्हटलं, काकांना फोन करा. माफी मागू नका, समजूत घालू नका. त्या दिवशी काय झालं, एवढंच विचारा आणि गप्प बसा.

पुढच्या भेटीत ती आली ती हसत आणि डोळे पुसत. काका म्हणाले होते, "बायको गेली तं माह्या कपाळाचं काही पुसल्या नाही गेलं. मानसाचं काय उघडं पडते मंग? तेच पाहत बसलो होतो बाहेर. पण मॅडम, तुम्ही कविता अर्ध्यातच काहून सोडली?"

आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललोच नाही.

एक सांगून ठेवते. वर्गात डोळे भरून येणं वेगळं, आणि महिनोन् महिने झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, जगावंसं वाटत नाही, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात वयाला दोष देत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. काकांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. ते घरून डबा घेऊन मित्रांबरोबर फुटाळा तलावावर फिरायला जात होते.

त्या गठ्ठ्याकडेही मी पाहिलं. अक्षर बारीक, छपाई फिकट. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, न झालेली, पुढे ढकललेली, सगळीच माणसं समोर असतात. मोठं आणि ठळक छापा. उतारवयात स, फ, त असले बारीक आवाज आधी निसटतात, म्हणून ओरडण्यापेक्षा सावकाश वाचा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. हे ती लगेच करू लागली.

खरी गंमत झाली ती विहिरीवरच्या मोटेची कविता घेतली तेव्हा. तीही बहिणाबाईंचीच. तिला 'कणा', 'नाडा', 'समदूर' हे शब्द कोशातून पाठ होते, वस्तू कधी पाहिलेली नव्हती. काकांचं बालपण काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत गेलेलं. ते फळ्याशी गेले, खडूने विहीर काढली, वर चाक, खाली कणा. जाड नाडा चाकावरून जातो, बारीक समदूर कण्यावरून. बैल उताराने खाली गेले की चामड्याची मोट वर येते आणि तिची सोंड मोकळी होऊन पाणी थाळण्यात पडतं. "दोन्ही दोर सारखेच झिजतात," ते म्हणाले, आणि मागून एक काकू म्हणाल्या, "पण आधी तुटते समदूरच." त्यावरून अर्धा तास वाद झाला. ही मागच्या बाकावर बसून लिहून घेत होती.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या 1951 मध्ये गेल्या, आणि घरच्यांनी टिपून ठेवलेल्या त्यांच्या कविता 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. हे तिने वर्गात सांगितलं तेव्हा सातवीपर्यंत शिकलेल्या एका काकूंनी म्हणे आपली वही पहिल्यांदा पिशवीबाहेर काढली.

अर्धी राहिलेली कविता तिने पुढच्या बुधवारी पूर्ण वाचली. काका उठले नाहीत. चष्मा काढून मांडीवर ठेवून बसले. शेजारच्या काकूंनी न बोलता बडीशेपेची डबी त्यांच्यापुढे सरकवली. वाचून झाल्यावर काकांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "मोठ्या अक्षरातला एक झेरॉक्स जास्तीचा द्या मॅडम. पोरीले पुण्याला पाठवायचा आहे."