खरेदीचा भाव आणि मालाचा खरा खर्च

इंदूर

चि.स अनेक आशीर्वाद.

सांवेर रोडवरच्या नमकीन कारखान्यात खरेदी आणि वाहतुकीचे काम तुझ्याकडे आले असून, मालकांनी सगळ्या पुरवठादारांकडून सरसकट पाच टक्के भाव कमी करून घ्यायला सांगितले आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. ते काम जरूर कर, पण त्यात फार दिवस घालवू नकोस. बेसनाचा भाव मुख्यतः मंडीतल्या चण्यावर ठरतो. घासाघीस करून किलोमागे रुपया सुटला, तरी गाडी, गोदाम आणि परत येणारा माल यांत तो किती सहज निघून जातो, हे आधी मोजायला हवे.

सुरुवात गाडीपासून कर. नमकीन हलके असल्यामुळे वजनाची मर्यादा गाठण्याआधीच गाडीतली जागा संपते, भाडे मात्र पूर्ण गाडीचे द्यावे लागते. समज, पुण्यापर्यंतचे भाडे 60,000 रुपये आहे आणि गाडीत 5 टन माल बसतो, तर किलोमागे 12 रुपये पडतात. खोक्याचे माप बदलून, तसेच जड शेव खाली आणि हलका माल वर अशी मिश्र भरणी करून तीच गाडी 6 टन नेऊ लागली, तर 10 रुपये पडतात. एवढी सूट बेसनवाला देणार नाही. पाकीट लहान करण्याचा मोहही होईल, पण त्यात नायट्रोजन भरतात तो माल खवट होऊ नये आणि त्याचा चुरा होऊ नये म्हणून. तेव्हा तो निर्णय उत्पादन विभागाला विचारूनच घे. महाराष्ट्रातून माल घेऊन आलेली गाडी परतताना कमी भाड्यात मिळू शकते, मात्र ती आली की माल भरणीसाठी तयार हवा. फाटकाशी दिवसभर ताटकळलेल्या गाडीचा तो दिवस वाहतूकदार पुढच्या भाड्यात धरतोच, फक्त बिलात त्याची वेगळी ओळ दिसत नाही.

साठ्याबद्दल दोन मते असतात आणि दोन्हींत तथ्य आहे. फेब्रुवारी ते एप्रिल चण्याची आवक वाढते, तेव्हा गोदाम भरून ठेवावे असे जुने व्यापारी सांगतात. पण 12 टक्के व्याजाने 10 लाखांचा साठा महिनाभर पडून राहिला, तर 10,000 रुपये नुसते व्याजाचे जातात, आणि कीड, घट, हमाली वेगळीच. तेलाचे गणित याहून अवघड आहे. 28 एप्रिल 2022 रोजी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली आणि 23 मेपासून पुन्हा सुरू केली. असा धक्का साठ्याच्या बळावर सोसायचा म्हटले, तर भांडवल कायमचे टाक्यांत अडकून पडेल. दुसऱ्या तेलाची चाचणी आधीच करून ठेवणे त्यापेक्षा स्वस्त पडते. यातली खरी अडचण छापील फिल्मची, म्हणजे ज्या प्लास्टिकपासून पाकीट बनते त्याची आहे, कारण घटकपदार्थांत तेलाचे नाव छापावे लागते आणि जुन्या छपाईची रिळे गोदामात पडून असली, की तेल बदलणे कागदावरच राहते. भाव कमी पडतो म्हणून वर्षभराची फिल्म एकदम छापून घेणे मला म्हणूनच पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मागणीच्या आकड्यांना दे. दिवाळीला माल कमी पडेल या भीतीने वितरक गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतो, विक्री विभाग महिनाअखेरीचे लक्ष्य गाठायला त्याच्या गळ्यात आणखी माल मारतो, कारखाना त्या आकड्यावर बेसन आणि तेल उचलतो आणि दोन-तीन महिन्यांनी मुदत संपत आलेली पाकिटे परत येतात. दुकानातली मागणी थोडी हलली, तरी वितरक, कारखाना अशा मागच्या प्रत्येक टप्प्यावर तिचे चढउतार वाढत जातात, हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी 1961 सालीच मांडले होते. उपाय एकच आहे: वितरकाला गेलेला माल म्हणजे विक्री असे न धरता, दुकानात गेलेल्या मालाचा, म्हणजे सेकंडरी सेलचा, आठवड्याचा आकडा मागवायचा आणि उत्पादन त्यावर ठरवायचे. विक्रीवाले नाराज होतील, होऊ देत.

देणी थकवून खर्च वाचतो, असे कोणी सुचवले तर ऐकू नकोस. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पैसे वेळेवर न मिळणारा खोकेवाला उधारीचे व्याज भावात मिळवतो आणि दिवाळीच्या गर्दीत आपला माल सर्वांत शेवटी काढतो.

येत्या महिन्यात परत आलेल्या मालाची खोकी स्वतः उघड, प्रत्येक पाकिटावरची उत्पादनाची तारीख आणि तो माल वितरकाकडे निघाल्याची तारीख शेजारी शेजारी लिही. निघाल्यावर किती दिवस वाया गेले आणि निघण्याआधी आपल्याच गोदामात किती, हे वेगळे काढून तो कागद मला पाठव. मालकांशी पाच टक्क्यांबद्दल काय बोलायचे, ते त्यानंतर ठरवू.

तुझा शुभचिंतक