दूरच्या अतितेजस्वी दीर्घिकांचा अभ्यास अवरक्त प्रकाशात का करतात? धूळ आड येत नाही का?

येते ना, पण खबरही तीच देते. या दीर्घिकांत तारे धडाक्याने जन्मत असतात, नाहीतर केंद्रातलं कृष्णविवर भोवतालचं द्रव्य गिळत असतं. त्यातून निघणारा अतिनील आणि दृश्य प्रकाश धूळ शोषते, तापते (तापते म्हणजे काय, तर साधारण ३० ते ६० केल्विन, शून्याखाली दोनशे अंशांहून थंडच!) आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकते. १९८३ साली आयरास या अवरक्त दुर्बीण वाहणाऱ्या उपग्रहाने आकाश पालथं घातलं तेव्हा आर्प २२० सारख्या दीर्घिकांचा खरा झगमगाट कळला: सूर्याच्या लाख कोटी पटींहून जास्त तेज, बहुतेक सगळं अवरक्तात.

खरी गंमत वर्णपटात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो या आलेखात आहे. ९.७ मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सिलिकेट धुळीचा खोल खड्डा दिसला की समजायचं, केंद्र गच्च झाकलेलं आहे. ६.२ आणि ७.७ मायक्रॉनवर कार्बनी रेणूंचे उंचवटे ठळक असतील तर ताऱ्यांची जन्मभूमी. ते फिके आणि गरम धुळीची चमक जास्त, तर संशय कृष्णविवरावर. बऱ्याचदा दोन्ही एकत्र नांदतात आणि कुणाचा वाटा किती यावर वाद रंगतात.

फार दूरच्या दीर्घिकांचा हा प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने ताणला जातो. या ताणाचं माप म्हणजे तांबडसृती; ती ३ असेल तर तरंगलांबी ३ + १ म्हणजे चौपट होते, १०० मायक्रॉनचा ४०० होतो, म्हणून तिथे इतक्या लांब लहरी टिपणारी चिलीतली अल्मा दुर्बीण कामी येते. त्यातही एक सवलत मिळते: ८५० मायक्रॉनच्या आसपास पाहिलं तर अंतर वाढूनही दीर्घिका फारशी मंद होत नाही, कारण ताणामुळे तिच्या वर्णपटाचं शिखर आपल्याकडे सरकत येतं.