माझाच मुद्दा, शाबासकी मात्र दुसऱ्याला

पत्र: ताई, मी निगडीला राहते, वय ३२. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनियर आहे. ५ वर्षं व्हायला सात महिने राहिलेत. सकाळच्या मीटिंगमध्ये मी एकटीच बाई असते. मध्यंतरी अॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे त्यातलं भोक, जागेवरून सरकत होता, रिजेक्शन वाढलं होतं. मी फिक्श्चरची, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याची, लोकेटिंग पिन (पार्ट नेमक्या जागी बसवणारी) मायक्रोमीटरने मोजली, ती झिजलेली निघाली. मीटिंगमध्ये म्हटलं, “सर, कदाचित माझं चुकतही असेल, पण पिन झिजली असेल का?” साहेब “बघू” म्हणाले आणि विषय डिस्पॅचवर गेला. दोन आठवड्यांनी प्रॉडक्शनच्या एका सीनियरने तेच सांगितलं. पिन बदलली, रिजेक्शन थांबलं, कायझेनच्या, म्हणजे कामातल्या सुधारणांच्या, बोर्डावर त्यांचा फोटो लागला. अप्रेझलमध्ये मला शेरा मिळाला, “थोडं पुढे येऊन बोलायला हवं.” घरचे म्हणतात, जिवाला लावून घेऊ नकोस. राजीनामा लिहून ठेवलाय. खरं तर मला नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटमध्ये जायचं होतं, पण आता तेही जाऊ दे असं वाटतं.
– नाव नको, निगडी

उत्तर:

ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

राग आला तो रास्तच आहे. बारा जणांत एकटी बाई बोलली की तिचं बोलणं कानांवरून जातं, आणि तेच एखादा पुरुष बोलला की माना डोलतात. हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. साहेबांचं चुकलंच, आणि वर “पुढे येऊन बोल” हा शेरा म्हणजे जखमेवर मीठ. पण साहेब सुधारतील तेव्हा सुधारतील, तोवर तू का थांबायचं? म्हणून तुझ्या हातात काय आहे, तेवढंच बोलू.

तुझं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पिन तू मोजली होतीस. झिजलीय हे तुला माहीत होतं. तरी सुरुवात केलीस “माझं चुकतही असेल”ने आणि शेवट केलास प्रश्नाने. मोजमाप तर सांगितलंच नाहीस! ज्यांच्या डोक्यात सकाळी साडेआठला फक्त दुपारची गाडी भरायची असते, त्या माणसाला प्रश्न दिला की तो “बघू”च म्हणणार. त्याला आकडा आणि काम दे. “सर, पिनचा व्यास ड्रॉइंगपेक्षा इतका कमी भरतोय. कालच्या तिसऱ्या शिफ्टचे इतके नग त्यामुळे गेले. दुपारी पिन बदलून पन्नास नग काढू, परवानगी द्या.” आवाज चढवायची गरज नाही. आणि मुद्दा मोठा असेल तर मीटिंगची वाट बघूच नकोस. आधी पाच मिनिटं टूलरूमवाल्याशी बोल, मग साहेबांना केबिनमध्ये गाठ. मीटिंगमध्ये तो विषय निघेल तेव्हा दोघांना आधीच माहीत असेल. संध्याकाळी दोन ओळींचं मेल टाक, “सकाळी बोलल्याप्रमाणे” अशी सुरुवात करून. ती तक्रार होत नाही, पण तारखेसकट नोंद राहते.

आता तुझ्या पत्रात न आलेली गोष्ट. पिन बदलली, ठीक. पण ती पुन्हा झिजणारच ना? किती नगांनी ती तपासायची, किती झिजल्यावर काढून टाकायची, हे कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कधी तपासायचं त्या कागदात, कुणी घातलं? माझी खात्री आहे, कुणीच नाही. बोर्डावर फोटो लागला की लोकांना काम संपलं असं वाटतं. आयएटीएफ १६९४९ हे वाहन-उद्योगाचं गुणवत्तेचं मानक पाळणाऱ्या कंपनीत असा दोष निघाला की पीएफएमईए, म्हणजे कामात कुठे काय बिघडू शकतं त्याचा तक्ता, उघडून त्यात कारण, उपाय, जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख भरायची असते. बहुतेक ठिकाणी हा कागद ऑडिटच्या आदल्या दिवशी धूळ झटकून बाहेर काढतात. तो तू उद्याच उघड. तुमचा कस्टमर पीएफएमईएच्या २०१९ च्या पुस्तिकेप्रमाणे जात असेल तर धोका मोजायचा जुना आरपीएनचा गुणाकार सोडून हाय, मीडियम, लो अशी कृतीची प्राथमिकता लावून दाखव. मग बाकीच्या लाइनींवर असलीच फिक्श्चर किती आहेत ते फिरून बघ आणि सगळ्यांच्या पिनांची तपासणी लावून घे. जबाबदारीच्या रकान्यात तुझं नाव येईल, आणि ते नाव कस्टमरचा ऑडिटर वाचेल. हे काम कुणी तुला देणार नाही, तू घ्यायचंस.

त्या सीनियरशीही एकदा बोल. चारचौघांत नको, चहाच्या वेळी. “सर, पिनचा मुद्दा मी आधी मांडला होता. फक्त तुमचं नाव लागलं तेव्हा वाईट वाटलं. पुढच्या वेळी माझंही नाव घ्या.” एवढंच. कदाचित त्यांच्या ते लक्षातही नसेल. असेल, तर यापुढे त्यांना जपून राहावं लागेल.

पण माझं खरं भांडण तुझ्या शेवटच्या ओळीशी आहे. डेव्हलपमेंटमध्ये जायचं होतं, हे तू मला लिहिलंस. साहेबांना कधी सांगितलंस? एचआरला? पत्रभर शोधलं, कुठे सापडलं नाही. पिनचं निदान एकदा तरी बोललीस, स्वतःचं मात्र एकदाही नाही. आपण मन लावून काम केलं की वरच्यांना आपली इच्छा कळेल, अशी आशा आपल्याकडच्या खूप मुलींना असते. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या आशेवर वर्षंच्या वर्षं जातात. इच्छा सांगावीच लागते, आणि वेळेत. मार्च-एप्रिलच्या अप्रेझलला सांगून उपयोग नसतो, तोवर जागा आणि बजेट ठरलेलं असतं. साहेबांकडे वेगळा अर्धा तास माग. पीएफएमईएचं काम पुढ्यात ठेव आणि स्पष्ट बोल, “मला डेव्हलपमेंटला जायचंय. पुढच्या नव्या पार्टच्या एपीक्यूपी (गुणवत्तेचं आधीच नियोजन करणाऱ्या) टीममध्ये क्वालिटीकडून मला घ्या. त्यासाठी माझ्यात काय कमी आहे ते आज सांगा.” कमी सांगितली तर लिहून घे आणि पुन्हा कधी बसायचं ती तारीख तिथेच ठरव. ती तारीख टळली आणि दुसरीही टळली, तर समज की इथे जागा नाही.

तेव्हा राजीनामा दे, आज रागात नको. व्यवहाराचंही बघ. राजीनामा देणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. तुझं बेसिक आणि डीए मिळून २६,००० असेल, तर वर्षाचे १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,०००. सात महिन्यांसाठी ते पाण्यात घालवू नकोस. तसंही नवी नोकरी शोधून नोटीस पिरियड भरेपर्यंत तेवढे महिने जातातच. तब्येतीवर आलं, झोप उडाली, तर मात्र पैशाचा विचार करू नकोस, लगेच नीघ.

तू पुण्यात आहेस हे तुझं भाग्य. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, एका पट्ट्यात इतके वाहन-कारखाने फार थोड्या शहरांना लाभलेत. क्वालिटीतून वर आलेली आणि डेव्हलपमेंट समजणारी व्यक्ती त्यांना हवीच असते. दरम्यान अंतर्गत ऑडिटरचं ट्रेनिंग करून घे, कंपनीकडेच माग. घरच्यांना सांग की जिवाला लावून घेणं सोडते, पण शनिवारी संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी बघा, मला बसून अभ्यास करायचाय.

आणि बायोडेटा नव्याने लिही. “क्वालिटीची जबाबदारी सांभाळते” असली ओळ त्यात नको. पिनचा सगळा प्रकार चार ओळींत घाल, आकड्यांसकट. लिहून झाला की मला पाठव, मी वाचून कळवेन.

– ताई