‘रसायनप्रतिबंध’ की ‘औषधी प्रतिबंध’?

फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या लेखात ‘केमोप्रिव्हेन्शन’साठी, म्हणजे द्रव्य देऊन कर्करोग रोखण्यासाठी, ‘रसायनप्रतिबंध’ हा शब्द चालेल का, असा प्रश्न आहे. चालणार नाही. समास सोडवून पाहा. कर्करोगप्रतिबंध, अपघातप्रतिबंध, लाचलुचपत प्रतिबंध: सगळीकडे पहिल्या पदालाच अडवायचं असतं. त्याच सवयीने ‘रसायनप्रतिबंध’ म्हणजे रसायनांना आळा, असंच वाचलं जाणार. ‘रसायनांनी केलेला प्रतिबंध’ ही तृतीया कुणाला सुचणार नाही. शिवाय आयुर्वेदातलं ‘रसायन’ म्हणजे च्यवनप्राशासारखं काही, तो गोंधळ वेगळाच. ‘केमो’ तसंच ठेवलं तरी पंचाईत, कारण ‘त्यांची केमो चालू आहे’ म्हणजे रोग झालेला आहे, आणि इथे तर तो होऊ नये म्हणून खटपट आहे.

कर्करोग-संशोधक मायकेल स्पॉर्न यांनी १९७६ मध्ये ‘केमोप्रिव्हेन्शन’ ही संज्ञा आणली. नैसर्गिक किंवा कृत्रिम द्रव्य देऊन कर्करोगाची वाटचाल रोखायची किंवा मागे फिरवायची, हा तिचा आशय. म्हणून ‘औषधी प्रतिबंध’ म्हणावं. ‘पण यात भाज्यांतली द्रव्यंही येतात; गाजर हे औषध कुठे?’ बरोबर, गाजर औषध नाहीच. पावभर केशरी गाजरात साधारण २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन हे केशरी रंगद्रव्य असतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतल्या ज्यांना तेवढंच बीटा-कॅरोटीन रोज गोळीतून दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला (१९९४). अमेरिकेत ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि जोडीला अ जीवनसत्त्व देणारी चाचणी तर जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. भाजीतून काढून, मोजून, वर्षानुवर्षं दिलेलं द्रव्य औषधच असतं, आणि त्याला अपायही असतात. शब्दात हा फरक दिसलाच पाहिजे.

‘कर्करोगप्रतिबंधक भाजी’ही टाळा. ‘-क’ प्रत्यय कर्तृवाचक आहे: प्रतिबंधक म्हणजे प्रतिबंध करणारी. एवढी खात्री कुठल्याच भाजीबद्दल देता येत नाही. धूम्रपान करणाऱ्या वाचकाला तर असा शब्द सिगारेट न सोडण्याची सबब देतो. ‘अभ्यासाधीन द्रव्य’ लिहा.

‘ब्रोकोलीतलं सल्फोराफेन’ हाही ढिला प्रयोग. सल्फोराफेन हेही असंच एक अभ्यासाधीन द्रव्य. अख्ख्या ब्रोकोलीत ते जवळपास नसतंच, असतं ते ग्लुकोराफॅनिन. चिरताना किंवा चावताना पेशी फुटतात, मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्याला भिडतं आणि मग सल्फोराफेन बनतं. आधी खळखळ उकळली तर विकर निकामी होतं. तेव्हा ‘ब्रोकोलीपासून बनणारं’ म्हणा; ‘-तलं’ आणि ‘-पासून’ यांच्यामध्ये ही सगळी क्रिया आहे.