झोंबी आले तर राजवाड्यात लपायचं का?

प्रश्न : मी आणि मिस्टर रोज जेवणं उरकली की द वॉकिंग डेड लावतो, चौथा सीझन अर्धा झालाय आणि रोज वाद. मला वाटतं ही माणसं इतके दिवस जगली कशी हेच नवल, ते म्हणतात सगळं बरोबर करतात. खरं काय? आणि आपल्याकडे अशी वेळ आली तर जायचं कुठे, ते म्हणतात इथल्या होळकरांच्या राजवाड्यात.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, अर्धे मार्क तुम्हाला, अर्धे मिस्टरांना. पहिल्या सीझनमध्ये रिक आणि ग्लेन अंगाला मढ्याचं रक्त-आतडी फासून अटलांटाच्या गर्दीतून जातात ना, बघताना मळमळतं पण सिरीयलच्या नियमात ते चोख बसतं, वास सारखा म्हणून कुणी वळून बघत नाही आणि पाऊस आल्यावर सगळं धुऊन निघतं हेही लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवलंय. डॅरिलचा क्रॉसबोही शहाणपणाचा, आवाज नाही आणि बाण उपसून परत वापरता येतो. बंदुकीच्या आवाजाला मात्र अख्खी गल्ली गोळा होते हे सगळ्यांना माहीत, तरी फायरिंग चालूच!

माझं डोकं फिरतं ते त्यांनी राहायला घेतलेल्या जेलवर. जागा एक नंबर निवडली, भिंत आहे, जाळी आहे, शेतीला मोकळं रान आहे. पण त्या जगात माणूस कशानंही मेला तरी उठतो, चावायलाच लागतं असं नाही, हे त्यांना दुसऱ्या सीझनच्या शेवटी कळून चुकलेलं. मग रात्री कोठडीची दारं लावून का झोपत नाहीत? गजांची दारं आहेत हो, तुरुंगच आहे तो! पॅट्रिक नावाचा पोरगा तापानं रात्री बाथरूममध्ये मरतो, उठतो आणि झोपलेल्यांना खात सुटतो. जाळीबाहेरच्या झोंबींना दिवसभर सळया खुपसत बसायचं आणि आत आजारी माणूस वेगळा ठेवायचा नाही, ह्याला काय म्हणावं.

पेट्रोलचं तर बोलूच नका. उघड्यावर पडलेल्या गाडीतलं पेट्रोल सहा महिने-वर्षभरात बिघडायला लागतं, आपलं इथेनॉलवालं तर ओलही धरतं. द लास्ट ऑफ अस या तसल्याच दुसऱ्या सिरीयलमध्ये जोएल निदान कुरकुर करतो की जुनं पेट्रोल पाण्यासारखं झालंय, लांब जात नाही. वॉकिंग डेडवाल्यांनाही पुढे घोडे आठवतात, जास्त सांगत नाही.

आता राजवाडा. नको. एक तर भर बाजारात, दुसरं म्हणजे वरचे मजले लाकडाचे, 1984 च्या दंगलीत आग लागलीच होती. आणि पाणी? आपल्या नळाला येणारी नर्मदा जलूदहून पंपानं वर चढवतात, लाइट गेली की नळ कोरडा आणि बोअरिंगही बंद, गच्चीवरची टाकी किती दिवस पुरणार. त्यापेक्षा आधी आसपास चालू हँडपंप कुठेय ते बघून ठेवा, आणि पाणी उकळूनच प्या.

मिस्टरांना किल्लाच हवा असेल तर मांडू. शंभरेक किलोमीटर आहे, चहूकडे खोल दरी, आत तलाव, जहाज महालच दोन तलावांच्या मध्ये बांधलाय. फक्त तटाची लांबी 35 किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा रात्रीच्या पहाऱ्याला रामबागेतून कोण कोण येतंय ते आधी विचारून घ्या, सासरची मंडळी धरून.